सभासद क्रमांक सात

यंत्र बघायला अर्धं तळेखेड वाचनालयाच्या अंगणात लोटलं होतं.

टेम्पोतून उतरलेली वस्तू अगदीच साधी निघाली. पिठाच्या गिरणीएवढी पांढरी पेटी, पुढे एक लांबट फट, मागे दोन पंखे. फटीत बंद पुस्तक सरकवायचं, अकरा सेकंदांनी ते पलीकडून बाहेर. पेटी पुस्तकाचा वास घेते असं कुणीतरी सांगितलं आणि पाच मिनिटांत तिचं बारसं होऊन गेलं. हुंग्या.

"डॉक्टरबाई, तुमचा हुंग्या चावत नाही ना?" गर्दीतून आवाज आला.

"उपाशी ठेवलात तर चावेल. पुस्तकं आणा!" डॉ. निलोफर अत्तार ओरडली. विद्यापीठातून आलेली ही तिशीतली मुलगी सकाळपासून एका जागी उभी राहिली नव्हती.

शलाका टिळेकर पायरीवरून हे बघत होती आणि तिलाही राहवत नव्हतं. महाविद्यालयात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला असलं यंत्र दारात येणं म्हणजे सणच. शिवाय ते आलं होतं ऐन निवडणुकीत, आणि शलाका नगराध्यक्षपदाची उमेदवार होती. आठ महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले. मुकुंद टिळेकर, सगळ्या गावाचे नाना. एकतीस वर्षं या वाचनालयाचे ग्रंथपाल. ते गेल्यावर संचालक मंडळाने तिला कार्यवाह केलं, आणि महिन्याभरात तिला कळून चुकलं की वाचनालय वाचवायचं असेल तर नगरपरिषदेतच शिरायला हवं. तिने अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मिळालं कपाट.

"मॅडम, चिन्ह कपाट आणि भांडणही कपाटासाठी. आयोगाला कुंडली कळते वाटतं." मागून अभिजित गुंजाळ आला. समोरचा उमेदवार. संगणक शिकवणीचे चार वर्ग चालवणारा, हसतमुख, हुशार. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिच्याच प्रयोगशाळेत बसायचा.

"अभिजित, तू तरी हुंग्याला हात लावू नकोस. तुझ्या हातून काय काय फुटलंय ते मला आठवतं."

"त्याबद्दल तुम्ही मला प्रात्यक्षिकात नापास केलं होतंत. फिटलं."

दोघांच्या सभा मात्र अशा गमतीत चालत नव्हत्या. गुंजाळचं म्हणणं सरळ होतं. बाजारपेठेतली ही मोक्याची जागा, वर्षाला नगरपरिषदेचा एवढा खर्च, आणि येतं कोण? चार म्हातारे वर्तमानपत्रं चाळायला. इमारत बंद करा, घराघरांत वाचनपाटी द्या, हवं ते पुस्तक पडद्यावर उमटेल. शलाकाचं म्हणणं उलटं होतं. वाचनालय आठवड्याचे सातही दिवस, सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं. अनामत रक्कम बंद. अभ्यासिकेला वेगळी खोली. हातमाग वस्तीत फिरता ग्रंथरथ. आणि या सगळ्यासाठी घरपट्टीतला ठरलेला वाटा, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, नियमाने.

दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. हुंग्याने मोजावं. राज्याने गेल्या वर्षी नियमच बदलला होता. पूर्वी ग्रंथालयाला अनुदान मिळायचं ते नोंदवह्या पाहून, आणि नोंदवहीत काय वाट्टेल ते लिहिता येतं. आता अनुदान प्रत्यक्ष वाचलेल्या पानांवर. निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे निर्णय नंतर होणार होता, पण मोजणीला हरकत नव्हती.

"वाचलं की नाही हे कागदाला कळतं कसं?" एका आजोबांनी विचारलं.

निलोफरला हेच हवं होतं. तिने आपलं बोट वर धरलं. "आपल्या कातडीवर सतत एक बारीक तेल पाझरत असतं. पान उलटलं की त्यातला कणभर कागदात मुरतो. हे तेल हवेने हळूहळू बदलतं, घरातलं तूप खवट होतं ना, तसंच. किती बदललंय त्यावरून पान केव्हा उलटलं ते कळतं. कालचा स्पर्श, पाच वर्षांपूर्वीचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा, सगळे वेगवेगळे. हुंग्या एक किरण सोडतो, तो बंद पुस्तकातून एकेक पान भेदत जातो आणि प्रत्येक थराची माहिती घेऊन परततो. पुस्तक उघडायचीही गरज नाही."

"आणि कुणाचा हात?"

"प्रत्येकाच्या तेलाचं मिश्रण थोडं निराळं असतं. नाव नाही कळत, पण हा हात आणि तो हात वेगळा, एवढं कळतं. आम्ही त्यांना नुसते आकडे देतो. हात एक, हात दोन."

आजोबांनी आपले पंजे उलटसुलट करून पाहिले आणि खिशात घातले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी निलोफर पडद्याकडे पाहत कपाळाला हात लावून बसली होती. बाजूला गुंजाळ उभा होता; मोजणी पाहायचा दोन्ही उमेदवारांना हक्क होता.

"ताई, हे विचित्र आहे. सात हजारांतली तीन हजार पुस्तकं झाली. प्रत्येक पुस्तकात पान सत्तावीसवर एकाच माणसाचा हात आहे. हात एक. पुष्कळ पुस्तकांत तर दुसरा स्पर्शच नाही. फक्त सत्तावीस."

"म्हणजे कुणीतरी सगळी पुस्तकं मधूनच उघडून ठेवली," गुंजाळ म्हणाला. "वापरली असं दाखवायला."

शलाका हसली. आठ महिन्यांत तिला असं आतून हसू आलं नव्हतं. "ग्रंथपालांची पद्धत माहीत नाही तुम्हाला. पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकतो. म्हणून प्रत्येक वाचनालय आपलं एक गुप्त पान ठरवतं आणि प्रत्येक नव्या पुस्तकात तिथे दाखल क्रमांक घालतं. आमचं सत्तावीस. सत्तावीसला दाबून धरलेला तो अंगठा नानांचा."

निलोफर उडालीच. "म्हणजे सात हजार पुस्तकांवर एका माणसाची सही आहे!"

गुंजाळ मात्र हसला नाही. त्याने हातातली पाटी पुढे केली. "मॅडम, मग हे कसं? तुमच्या देवघेवीच्या नोंदी मी काढल्यात. सभासद क्रमांक सात. एकतीस वर्षांत अकरा हजार तीनशे पुस्तकं घरी नेली. रोज एक, दिवाळीलासुद्धा. सभासद क्रमांक सात म्हणजे मुकुंद टिळेकर. स्वतः ग्रंथपाल." त्याने पाटी खाली घेतली. "नोंदी खोट्या होत्या असं मी आज सभेत बोलणार आहे. तुमच्या पाठीमागे बोलायला नको म्हणून आधी सांगितलं."

तो बोलला. त्या संध्याकाळी सगळ्या गावाच्या फोनवर तेच वाजत होतं. अनुदानासाठी फुगवलेल्या नोंदी. ज्याची मुलगी प्रामाणिकपणा सांगत फिरते तोच माणूस.

शलाकाने फोन बंद केला. नाना वाचणारे नव्हते. हे गावाला ठाऊक नव्हतं, तिला होतं. जेवण झालं की वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचे. पुस्तकं ते ओळखत, हाताळत, पुठ्ठे शिवत, डिंक लावत. वाचायची ती. मग ही अकरा हजार पुस्तकं कुणी नेली? तिने मनातल्या मनात एकदा तो शब्द उच्चारून पाहिला, खोट्या, आणि तिला लगेच उठून पाणी प्यावं लागलं.

*

"आतलं कपाट राहिलंय," तिसऱ्या दिवशी निलोफर म्हणाली.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, नऊशे पुस्तकांचं. सभासद क्रमांक सातच्या बहुतेक नोंदी त्याच पुस्तकांच्या होत्या. शलाका पुस्तकं आणून देत होती, निलोफर सरकवत होती. पहिलं पुस्तक बाहेर पडलं आणि पडदा भरून गेला.

शलाका पडद्याजवळ सरकली.

पान एकपासून शेवटच्या पानापर्यंत हात. एकावर एक थर. बारा हात, वीस हात, एका स्वयंपाकाच्या पुस्तकात अडतीस. दुसरं पुस्तक, तिसरं, दहावं. नानांचा अंगठा सत्तावीसवर, आणि पुढे मागे नुसती माणसंच माणसं. दुपारपर्यंत आकडा तीनशे बारावर पोचला. तीनशे बारा वेगवेगळे वाचक, आणि त्यातल्या एकाचंही नाव सभासदांच्या यादीत नाही.

"ताई, हा हात बघा. एकेचाळीस." निलोफरचा आवाज चढला होता. "सुरुवात कशाने झालीय? अंकलिपी! पंचवीस वर्षांपूर्वी. आणि हे लहान मूल नाही, मोठ्या माणसाचा पंजा आहे. प्रत्येक पान आठ-दहा वेळा. आणि बघा, नुसतं पान उलटलेलं नाही, बोट ओळीखालून सरकलंय. अक्षर अक्षर."

"पुढचं?"

"पुढचं शोधा! लहान मुलांच्या गोष्टींत बघा."

शलाका धावत गेली. पंचेचाळिशीची प्राध्यापक बाई त्या अरुंद खोलीत खरोखर धावत होती. गोष्टींच्या पुस्तकांत हात एकेचाळीस होता, एक वर्षानंतर, आणि आता बोट ओळीखाली नव्हतं. मग प्रवासवर्णन. मग सहाशे पानांची कादंबरी, स्पर्शांचं वय सगळं सारखं.

"नऊ दिवसांत!" निलोफर ओरडली. "अंकलिपीनंतर पाच वर्षांनी सहाशे पानं नऊ दिवसांत! पुढचं!"

मग पोटगीच्या कायद्याचं पुस्तक, एकच प्रकरण, पुन्हा पुन्हा. मग बराच काळ काही नाही. मग ताऱ्यांची ओळख करून देणारं एक जाडजूड पुस्तक, तीन वेळा पूर्ण, शेवटचं गेल्या हिवाळ्यात.

निलोफर खुर्चीत कोसळली. "एका माणसाचं आख्खं शिक्षण आहे हे. कुणाला न कळता झालेलं. ताई, तुमचे वडील खोटं लिहीत नव्हते. ते या सगळ्यांना स्वतःच्या नावावर पुस्तकं देत होते."

शलाकाला एकदम सभासदत्वाचा जुना अर्ज आठवला. खाली एक रकाना होता: हमीदाराची सही. बाईने अर्ज केला तर सही नवऱ्याची किंवा वडिलांची लागायची. ज्यांना ती मागता येत नव्हती त्यांचे हमीदार नाना झाले होते, आणि पुस्तकाच्या नोंदीत स्वतःचा क्रमांक घालून मोकळे झाले होते.

"हे मला उद्या सभेत दाखवता येईल?"

"येईल. पण शासन आकडे मानत नाही, माणसं मानतं. यंत्रासमोर कुणी भाड्याचे हात आणून घासले तर? म्हणून हस्तमेळ लागतो." निलोफरने एक कागद काढला. "दोन वर्षांपासून रेशन दुकानांतल्या यंत्रांत सगळ्यांच्या हाताचं तेलमान नोंदलंय. आमची यादी त्याच्याशी जुळवायची. पाच मिनिटांत तीनशे बारा नावं समोर. नमुना नऊवर कार्यवाहाची सही लागते, उद्या पाचच्या आत. सही नसेल तर नियमाप्रमाणे आमची सगळी नोंद पुसायची आणि ते वाचन शून्य धरायचं."

शलाकाने पेनाचं टोपण काढलं. नानांचं नाव धुऊन निघायला एक सही पुरेशी होती.

"आता राहू दे शलू," दारातून आवाज आला. "उद्या कर."

इंदूबाई सरोदे झाडू घेऊन उभी होती. वाचनालयाची झाडलोट ती नानांइतकीच वर्षं करत होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

*

सकाळी सात वाजता शलाका वाचनालयाचं कुलूप काढायला आली तर इंदूबाई पायरीवर बसलेली.

"मावशी, ती पुस्तकं तू न्यायचीस ना?"

"भाजीच्या पिशवीत. वर मेथी, खाली पुस्तक. मेथीचं पाणी लागलं की नाना रागवायचे, मग मी मेथीऐवजी कोबी घ्यायला लागले."

"आणि अंकलिपी कुणी शिकवली?"

"ते नको विचारू." इंदूबाईने पदर खोचला. "हे बघ शलू, तुझ्या बापाने एकतीस वर्षांत एकदाही मला विचारलं नाही की पुस्तक कुठल्या घरात जातं. एकदा मीच सांगायला गेले. तर म्हणाले, इंदू, मला सांगू नकोस, मला कुणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. म्हणून ते नाव लिहायचेच नाहीत. माहीतच नव्हतं त्यांना."

शलाका तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"आता तुझं ते यंत्र सांगणार. तीनशे घरांत. अगं, त्यातल्या एकीच्या घरी अजून ठाऊक नाही तिला वाचता येतं म्हणून. एकाने रोगाचं पुस्तक नेलं होतं, त्याचं लग्न झालंय आता, पोरं आहेत. एकीने कायद्याचं नेलं आणि गेली नाही कोर्टात, राहिली तिथेच. तिच्या दिराच्या हातात ती यादी पडली तर?"

"यादी गुप्त राहील असं नियमात लिहिलंय."

"नानांच्या नोंदवह्यापण गुप्तच होत्या. तो गुंजाळ गावभर वाचून दाखवतोय."

शलाका कुलपाची किल्ली बोटांत फिरवत म्हणाली, "मावशी, मी सही केली नाही तर ते नानांना खोटारडे ठरवतील. कायमचं. कागदावर."

"ते खरं," इंदूबाई म्हणाली, आणि झाडायला उठली. तिने सल्ला दिला नाही.

*

ज्येष्ठ नागरिक संघाने वाचनालयाच्या अंगणात दोन्ही उमेदवारांना समोरासमोर बोलावलं होतं. चारची वेळ. मंडप भरून लोक कुंपणावर चढले होते. मतदानाला तीन दिवस, हवेतही निवडणुकीचाच ज्वर होता.

गुंजाळ आधी बोलला आणि चांगलं बोलला. वाचनपाटीचे फायदे सांगितले, आकडे दिले. शेवटी म्हणाला, "काल यंत्राने तीनशे बारा हात दाखवले असं ऐकतो. मी हरलो तरी चालेल, पण खरं कळू दे. मॅडमनी नमुना नऊवर सही करावी. हात कुणाचे ते जुळू दे. नानांच्या नोंदी खऱ्या निघाल्या तर याच मंडपात मी त्यांच्या फोटोसमोर कान धरीन."

"सही करा!" मागून आरोळी आली. मग पाच-पन्नास जणांनी ती धरली. "सही करा! सही करा!" यात तिचे स्वतःचे कार्यकर्तेही होते. आपण जिंकलोच असं त्यांना दिसत होतं.

शलाका उठली. नमुना नऊ तिच्या हातात होता.

"अभिजितरावांनी प्रामाणिक मागणी केली आहे. सही केली तर माझ्या वडिलांचं नाव स्वच्छ होईल, अनुदान वाढेल, आणि बहुधा मी निवडूनही येईन. काल मी पेन उघडलं होतं." तिने कागद वर धरला. "पण सही करण्याआधी मला डॉक्टर अत्तारांना एक प्रश्न विचारायचाय. डॉक्टर, तुमचं यंत्र फक्त कागदच वाचतं?"

पहिल्या रांगेत बसलेली निलोफर गोंधळली. "नाही. हाताचं तेल कशावरही राहतं. लाकूड, प्लास्टिक."

"तीन दिवसांनी हे सगळे मत द्यायला जातील. माझ्या नावापुढचं बटण किंवा अभिजितरावांच्या नावापुढचं बटण दाबतील. ते बटण तुमच्या यंत्राखाली धरलं, आणि यादी रेशनच्या यादीशी जुळवली, तर?"

मंडपात पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. निलोफर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू स्वतःच्याच घरात तिला एक नवीन खोली सापडली होती.

"थर एकावर एक बसतात," ती सावकाश म्हणाली. "वेगळे करता येतील. कोणत्या बटणावर कुणाचे हात... हो. दोन-तीन तासांचं काम आहे."

"अरे बाप रे!" कुंपणावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं. "मी तर दोन्हीकडे जेवलोय!"

मंडप फुटला. लोक हसत होते, एकमेकांना ढोसत होते, आणि हसता हसता एकेकाचा चेहरा उतरत होता. दोन्हीकडे जेवलेला तो एकटाच नव्हता.

शलाकाने आवाज चढवला नाही. आपोआपच शांतता झाली. "मत कुणाला दिलं हे कुणी विचारू नये म्हणून आडोसा उभा करतात. पुस्तक वाचणाऱ्यालाही तेवढाच आडोसा हवा. रस्त्यावरच्या दिव्यासाठी नगरपरिषद पैसे देते, पण दिव्याखालून कोण गेलं त्याची यादी मागत नाही. मी निवडून आले तर वाचनालयाला पैसा मिळेल तो दार किती तास उघडं राहिलं यावर. आत कोण आलं, काय वाचलं, हे मी मोजणार नाही आणि कुणाला मोजू देणार नाही. एकदा हातांची यादी जुळवायची सवय लागली की ती पुस्तकांपाशी थांबणार नाही."

तिने नमुना नऊ चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"मॅडम," गुंजाळ म्हणाला. आता तो माइकवर बोलत नव्हता. "बटणांचं मला सुचलं नव्हतं. यादीची मागणी मी सोडतो. पण शासनाच्या कागदावर तुमच्या वडिलांच्या नोंदी खोट्याच राहतील. ते माझ्या हातात नाही."

"राहू देत," शलाका म्हणाली.

*

पाचला दहा कमी. मागच्या खोलीत निलोफर पडद्यासमोर बसली होती.

"माझा शोधनिबंध चालला," ती म्हणाली. "पण बटणांवर दुसरा लिहीन. लगेच लिहायला हवा, नाहीतर हे आधी कुणालातरी भलत्यालाच सुचेल." तिची बोटं आत्ताच शिवशिवत होती. मग ती एकदम हळू बोलायला लागली. "ताई, एक गोष्ट. काल रात्री मी हात एक शोधत होते. सात हजार पुस्तकांत तो सत्तावीसच्या पुढे गेलेला नाही. एक सोडून. एकच पुस्तक नानांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलंय. बऱ्याच उशिरा, गेल्या दोन-तीन वर्षांत. सांगू कोणतं?"

शलाकाने टेबलाची कड धरली.

आठ महिने लोक तिला नानांच्या गोष्टी सांगत होते, आणि सगळ्या तिला माहीत असलेल्याच होत्या. ही नव्हती. संध्याकाळी दिवा लावून ते पुस्तक उघडता आलं असतं. नाना ज्या ओळींवर थांबले त्या ओळींवर थांबता आलं असतं. तिने कपाटाकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात इंदूबाई नव्हती. आज कुणीच बघत नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

"ते तर तुमचे वडील."

"तेही एक वाचक."

निलोफरने मान हलवली आणि कळ दाबली. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. हात एकेचाळीस गेला, हात तीनशे बारा गेला, हात एक गेला. शलाका पट्टी पूर्ण होईपर्यंत उभी राहिली, आणि मग तोंड धुवायला बाहेर नळावर गेली.

*

मतदानाच्या दिवशी तळेखेडने इतिहास घडवला. सकाळी साडेसातला पहिल्याच मतदाराने बटणाला हात लावायला नकार दिला. तासाभरात सतरा केंद्रांवर तोच गोंधळ. निवडणूक अधिकाऱ्यांनी आधी दम दिला, मग फोन केले, आणि शेवटी दोन हजार वीसच्या साथीनंतर दिले होते तसे प्लास्टिकचे हातमोजे दहा वाजता जीपमधून आले. म्हातारी माणसं मोजे फुगवून नातवंडांना देत होती. बायका केंद्रात शिरताना बोटं नाचवून दाखवत होत्या. संध्याकाळपर्यंत इतकं मतदान झालं, जितकं या गावात कधीच झालं नव्हतं.

मोजणीच्या सकाळी, पहिल्या फेरीआधी, शासनाचा लखोटा आला. सभासद क्रमांक सातच्या सर्व नोंदी अग्राह्य. वाचनालयाचा दर्जा एक पायरी खाली. शलाकाने पोच म्हणून कार्यवाहाच्या जागी सही केली. सही नीट, पूर्ण नावाची, शलाका मुकुंद टिळेकर.

मग फेऱ्या सुरू झाल्या आणि कुणाला श्वास घ्यायला सवड राहिली नाही. पहिल्या तीन फेऱ्या गुंजाळ पुढे. चौथीत कपाट एकवीसने वर. पाचवीत पुन्हा खाली. सहाव्या फेरीला इंदूबाई मोजणी केंद्राच्या फाटकाबाहेर डोळे मिटून उभी राहिली आणि आकडा जाहीर झाल्यावरही उघडेना.

"मावशी, उघड डोळे," शलाका म्हणाली. "त्रेसष्ट."

"वर की खाली?"

"वर."

ताशेवाले फाटकाबाहेर तयारच होते. कोणीही जिंकलं तरी वाजवायचं ठरलं होतं. त्या गलक्यातून वाट काढत गुंजाळ आला, गळ्यातला कोमेजलेला हार काढून त्याने खांद्यावर टाकला होता.

"त्रेसष्ट, मॅडम! त्रेसष्टने पडलो. आमच्या गल्लीतलेच असणार. कदाचित घरातलेही." त्याने कपाळाचा घाम पुसला. "कोण ते कळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मलाही माहीत नाही रे, कोण," शलाका म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं की समोरून येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे ती आता तशीच पाहते आहे. भाजीवाली, रिक्षावाला, फाटकावरचा पोलीस, ताशाच्या तालावर कमरेला पदर बांधून नाचणारी ती अनोळखी बाई. त्या त्रेसष्टांतलं, त्या तीनशे बारांतलं, यातलं कुणीही असेल. कुणीही.

"चल," ती गुंजाळला म्हणाली, "आता नाच."